अंगणातल्या तळ्यात बाहेरचे बेडूक शिरलेत, कसे हटवायचे?

पारसिकपायथा, सीबीडी बेलापूर

नमस्कार मंडळी. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो, सेक्टर 8, डोंगराच्या अगदी पायथ्याला. मागच्या अंगणात सिमेंटचं तळं आहे, साधारण आठ फूट बाय पाच, पाणी गुडघ्याच्या वर. त्यात कमळ, भरपूर गप्पी, दोन कोई, शेवाळ खातो म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेला एक सकर मासा आणि लाल कानांचं एक कासव. कासव लेकीच्या मैत्रिणीचं. ते लोक पुण्याला गेले, कासव आमच्याकडे राहिलं.

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला आणि त्या रात्री तळ्यात नुसता गोंधळ. हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळेधमक, हाताच्या पंज्याएवढे बेडूक, गळ्याशी दोन निळे फुगे, आणि आवाज असा की आई कानात कापूस घालून झोपते. पोर्चच्या दिव्याखाली वेगळाच एक बसतो, मातकट, अंगभर चामखिळी. शिवाय तळ्याच्या वरच्या भिंतीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलाय, तो कसला ते कळत नाही.

ब्रिस्बेनच्या भाच्याला फोटो पाठवले. तो म्हणतो, "मामा, हा केन टोड आहे, बाहेरून आलेली जात. इथे दिसला की संपवतात." शेजारचे काका ब्लीचिंग पावडरचा डबाच घेऊन आले. मासे न मारता हे बाहेरचे बेडूक कसे घालवायचे? मीठ, चुना, जाळी, काय चालतं?

नेरूळचा_नितीन

मीठ टाकाल तर पहिलं कमळ जाईल. आणि घरात कुत्रा असेल तर त्या चामखिळीवाल्यापासून लांब ठेवा. आमच्या लॅब्राडॉरने एक तोंडात धरला आणि मिनिटभरात तोंडाला फेस. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते असं: ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ बाहेरच्या दिशेने पुसत राहायचं, पाणी घशात जाऊ द्यायचं नाही, आणि लगेच घेऊन यायचं. वाचला.

येऊरची_शेजारीण, ठाणे

दादा, तो डबा आधी काकांना परत द्या. क्लोरीन बेडकाला मारेल न मारेल, कोईचे कल्ले नक्की जाळेल. चुन्याचंही तेच.

आता भाच्याचं. त्याच्या अंगणापुरतं तो अगदी बरोबर बोलतोय. 1935 साली उसावरचे भुंगेरे खातील म्हणून हवाईहून शंभरेक केन टोड क्वीन्सलंडमध्ये नेले. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, टोड खाली जमिनीवर, दोघांची गाठच पडेना. टोड मात्र पसरत गेला तो गेलाच. पण तुमच्या पोर्चमध्ये बसलेला तो नव्हे. त्याच्या डोळ्यांच्या वर पाहा, काळ्या कडेची उठावदार रेघ दिसेल, आणि चामखिळींच्या टोकांवर काळे ठिपके. तो आपला साधा भेक. मी ठाण्यात शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, तेव्हा पावसाळ्यात मुलं डब्यात घालून आणायची तोच. रात्रभर तुमच्या दिव्याखालचे किडे, वाळवी, झुरळं खातो, भाडं मागत नाही.

पिवळे ते भारतीय बुलफ्रॉगचे नर. एरवी शेवाळी-तपकिरी असतात. पहिल्या पावसात माद्यांसाठी पिवळे होतात, काही दिवसांत रंग उतरतो. फेसाचा गोळा झाडबेडकाचा. मादी अंडी घालताना चिकट स्राव मागच्या पायांनी घुसळते, त्याचा तो फेस. आत अंडी ओली राहतात आणि बेडूकमासे तयार झाले की टपटप खाली पाण्यात पडतात, म्हणून तर त्याने तळ्याच्या वरचीच जागा धरली. झाडूने काढू नका.

म्हणजे तुमच्याकडे आलेल्यांत बाहेरचा एकही नाही. पारसिकच्या ओढ्यांतून हे दर पावसात उतरत असणार, तुमचं तळं त्यांच्या वाटेत आलंय.

गंमत पुढेच आहे. हाच आपला बुलफ्रॉग अंदमानात परका. मत्स्यबीजाबरोबर तिथे पोचला असं मानतात. तिथल्या गावतळ्यांत त्याचे बेडूकमासे स्थानिक बेडकांचे बेडूकमासे खाऊन टाकतात, आणि मोठे झालेले कोंबडीची पिल्लंही गिळतात. भेकाचंही तसंच. 2014 मध्ये तो मादागास्करच्या तोआमासिना बंदराच्या आसपास सापडला. तिथल्या बहुतेक प्राण्यांना त्याच्या कातडीतलं विष पचत नाही. तुम्ही पोर्ट ब्लेअरहून विचारलं असतंत तर मी उलट सांगितलं असतं: उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवा, पाण्यावर तरंगणारी अंडी पहिल्याच दिवशी गाळणीने काढा, मत्स्यबीज निवडून घ्या. बेलापुरात यातलं काहीही करायचं नाही. बुलफ्रॉगला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. एके काळी आपल्याकडून बेडकांच्या तंगड्या टनावारी परदेशी जायच्या, 1987 मध्ये ती निर्यात बंद झाली. गोव्यात 'जंपिंग चिकन' म्हणून चोरून खातात आणि वनखातं दर पावसाळ्यात मागे लागतं.

आईंच्या झोपेचं मात्र खरंच काहीतरी करायला हवं. हा दंगा मोठ्या पावसानंतरच्या काही रात्रींचा असतो, अंडी घातली की बुलफ्रॉग पांगतात. तोवर पोर्चचा पांढरा दिवा काढून मंद पिवळा लावा, किडे कमी तर बेडूक कमी. काठाचं गवत बारीक ठेवा. तळ्यात छोटा पंप असेल तर रात्री चालू ठेवा, हलतं पाणी यांना फारसं रुचत नाही.

जाळीबद्दल विचारलंत. नायलॉनची मासेमारीची जाळी अजिबात टाकू नका. बेडकांमागे पाणदिवड येते, धामण येते, ती त्यात अडकते आणि मग सर्पमित्राला बोलावून रात्री बारा वाजता कात्री चालवत बसायचं. आमच्या गल्लीत हे झालंय. लोखंडी चौकटीवर ताठ गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवून घ्या, अर्ध्या इंचाची. मोठे बेडूक बाहेर राहतील, गप्पी सुखरूप. आणि एका कोपऱ्यात तिरपी फळी ठेवा. सिमेंटच्या गुळगुळीत काठावर पिल्लांना चढता येत नाही, ती बुडतात आणि पाणी सडतं.

कोणी सांगेल, लांबच्या कोपऱ्यात वेगळा टब भरून ठेवा, बेडूक तिकडे जातील. ऐकू नका. बिनमाशांच्या टबात डास होतील आणि डेंग्यूच्या अळ्या शोधत फिरणारे महापालिकेचे लोक नोटीस हातात ठेवतील.

बाहेरच्यांचीच काळजी असेल तर तुमचीच यादी परत वाचा. गप्पी दक्षिण अमेरिकेतले. सकर मासाही तिकडचाच. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात कुणी घेत नाही. लाल कानांचं कासव अमेरिकेतलं. आज बशीएवढं असेल, पुढे जेवणाच्या ताटाएवढं होईल आणि वीस-तीस वर्षं आरामात जगेल. हे तिघं तुमच्या तळ्यात आहेत तोवर कुणाचं काही बिघडत नाही. प्रश्न पाऊस जोराचा झाला आणि तळं भरून वाहिलं की येतो. तुमचं जादा पाणी कुठे जातं?

खारघर_ते_टॅम्पा

फ्लोरिडात राहतो, खारघरचा माणूस. इथे खरंच बाहेरून आलेला बेडूक आहे, क्यूबाचा झाडबेडूक. स्थानिक झाडबेडूक खातो, विजेच्या पेट्यांत शिरून शॉर्टसर्किट करतो. इथले लोक दीड इंची पीव्हीसी पाइपाचे हातभर तुकडे बागेत उभे रोवतात. बेडूक दिवसा लपायला आत जातात, सकाळी पिशवीत झटकायचे. मग दातदुखीवर मिळतं तसलं बेन्झोकेन मलम त्यांच्या पोटाला लावून बधिर करतात आणि नंतर फ्रीजरमध्ये ठेवतात. पण आधी जात नक्की ओळखायची ही इथली पहिली अट, कारण स्थानिक हिरवा झाडबेडूकही त्याच पाइपात बसतो. पारसिकपायथा, असले व्हिडिओ बघून तिकडे पाइप रोवू नका. तुमच्याकडे आत बसेल तो फेसवालाच.

पारसिकपायथा

सर्वांचे आभार. ताई, डोळ्यांवरची काळी रेघ टॉर्च लावून पाहिली, आहे. भाच्याला फोटो पुन्हा पाठवला, त्याचं अजून उत्तर नाही. काका डबा परत घ्यायला तयार नाहीत, म्हणतात संडासला वापर.

तळ्याचं पाणी एका पाइपातून मागच्या गटारात जातं, गटार पुढे ओढ्याला मिळतं. पाइपाला तोंडाशी काहीच नाही. आणि कासवाचं काय करू? लेकीची आई म्हणते, उरणकडे एखाद्या तळ्यात सोडून येऊ.

येऊरची_शेजारीण, ठाणे

उरण नको, बेलापूर नको, ठाण्याचा उपवन नको, कुठेच नको. सोडायचं नाही, एवढंच. मोठी टाकी आणि ऊन मिळेल असा दगड देऊन ठेवा, नाहीतर ते सांभाळायला तयार असलेली प्राणी बचाव संस्था शोधा. तळ्यातून मात्र आजच बाहेर काढा, कारण फेसातून पडणाऱ्या बेडूकमाशांची वाट पाहत तेच खाली बसलेलं असणार.

पाइपाच्या तोंडाला स्टीलची चहाच्या गाळणीची जाळी, दुहेरी, क्लॅम्पने आवळून. गप्पीची पिल्लं अर्ध्या इंचातून सहज जातात, म्हणून इथे बारीकच हवी. पाला अडकून ती तुंबते, तेव्हा मोठ्या पावसात छत्री घेऊन तेवढं साफ करायला जावं लागेल. रबरी चपला घाला, भेक नेमका पायाखाली येतो.