रोज रात्री सगळा नॅस पुन्हा कॉपी होतोय. आरसिंकमध्ये माझं काय चुकतंय?

ध्वनिसंग्रह

नमस्कार. जुन्या कॅसेटवरच्या मुलाखती डिजिटल करायचं काम माझ्याकडे आहे. सगळ्या वेव्ह फाइली चार डिस्कच्या एका नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या यंत्रावर) आहेत, साधारण ६ टीबी. त्यांचा बॅकअप दुसऱ्या, जुन्या नॅसवर घेते. मधे एक छोटा लिनक्स पीसी आहे आणि दोन्ही नॅस त्यावर एसएमबीने माउंट केलेत, म्हणजे नेटवर्कवरून जोडून साध्या फोल्डरांसारखे दिसतील असे केलेत. रोज रात्री अकराला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीतून) फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकची ही कमांड सुटते:

आरसिंक -आरव्ही --डिलीट /एमएनटी/मूळ/ /एमएनटी/प्रत/

सुटते खरी, पण दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजले तरी चालूच असते. दिवसाला नव्या फाइली जेमतेम दहा-बारा होतात. आरसिंक बदललेलं तेवढंच नेतं असं वाचलं होतं, मग हे रोज सगळं का वाहून नेतंय?

शिवाय प्रतीचं फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं आहे आणि काही मराठी नावांच्या फाइली तिथे जातच नाहीत. नाव फार लांब आहे असा एरर येतो. मूळ नॅसवर मात्र त्याच फाइली सुखाने नांदताहेत.

रात्रपाळी

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या -आरव्हीमध्येच आहे. फाइल बदलली का हे ठरवताना आरसिंक ती उघडून बघत नाही. दोन्हीकडचा आकार आणि बदलाची वेळ जुळवतं, दोन्ही जुळलं की पुढे जातं. -आर म्हणजे नुसतं आतल्या फोल्डरांत उतरणं. वेळ जपायला त्यात कोणी सांगितलेलंच नाही. त्यामुळे प्रतीतल्या फाइलीला कॉपी झाली ती वेळ चिकटते, दुसऱ्या रात्री आकार जुळतो, वेळ जुळत नाही, आणि फाइल पुन्हा निघते. रोज. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबी धरले तर ६ टीबीला पंधरा तास लागतात. रात्री अकरा ते दुपारी दोन, बरोब्बर तुमचा हिशेब.

-आरच्या जागी -ए लावा. त्यात वेळ, परवानग्या, मालकी, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) सगळं येतं. पण थेट लावलंत तर पहिल्या रात्री आणखी एकदा सगळं वाहील, कारण वेळा आज जुळत नाहीतच. म्हणून एकदाच -एसोबत --साइज-ओन्ली देऊन चालवा. आकार जुळतो ती फाइल आहे तिथेच राहते, फक्त तिची वेळ दुरुस्त होते. दुसऱ्या दिवसापासून --साइज-ओन्ली आठवणीने काढा, नाहीतर आकार तोच राहून आतला मजकूर बदललेली फाइल कधीच जाणार नाही.

फाइलचा बदललेला तुकडाच पाठवायची युक्ती आहे, १९९६ पासून आरसिंक ज्यासाठी ओळखलं जातं ती, पण तुमच्या मांडणीत ती चालतच नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना आरसिंक जागं असावं लागतं. दोन्ही नॅस माउंट केले की आरसिंकच्या दृष्टीने ती एकाच मशीनवरची दोन फोल्डरं, आणि मग ते अख्खी फाइल उचलतं. एकदा मुद्रित झालेली वेव्ह फाइल सहसा बदलत नाही, त्यामुळे तुमचं फार अडणार नाही.

आता ज्यासाठी मी खरा लिहायला बसलो ते. तुमच्या कमांडमधलं --डिलीट आज रात्री काढून टाका. उद्या परत लावू, पण आज काढा.

पूर्वी मी एका ठिकाणी सर्व्हर सांभाळायचो. मांडणी थेट तुमच्यासारखी, मधे लिनक्स, दोन्ही बाजूंना नॅस. एका संध्याकाळी वीज गेली आणि परत आली. लिनक्स मशीन उठलं, मूळ नॅस उठला नाही, त्याच्या डिस्क गेल्या होत्या. एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय काय माउंट करायचं त्या यादीत, नोफेल (‘नाही जमलं तरी थांबू नको’) लिहिलेलं होतं, म्हणून माउंट न होताही मशीन बिनबोभाट सुरू झालं. माउंट न झालेलं फोल्डर म्हणजे काय? नुसतं रिकामं फोल्डर. रात्री क्रॉन सुटला. आरसिंकला मूळ बाजूला एकही फाइल दिसली नाही आणि प्रतीत दोन लाखांवर दिसल्या. त्याला सांगितलं होतं की मूळमध्ये नाही ते प्रतीतून काढ. त्याने काढलं. सकाळी मी लॉग उघडला तर पानंच्या पानं ‘डिलीटिंग’, ‘डिलीटिंग’, आणि शेवटी एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘काही चुकलं नाही’. कामगिरी फत्ते.

हे नीट लक्षात घ्या. मूळ गेलं त्याच रात्री, मूळ गेलं म्हणूनच, प्रतही गेली. वाचताना डिस्कने एरर दिला तर आरसिंक आपणहून पुसणं थांबवतं, तेवढी काळजी ते घेतं. पण रिकामं फोल्डर म्हणजे एरर नव्हे. कागदपत्रं लोकांच्या मेलमधून, पेनड्राइव्हवरून बरीचशी गोळा झाली. ध्वनिमुद्रणं नाही झाली. तुमच्याकडे कॅसेट आहेत असं वाचलं आणि राहवलं नाही. कॅसेटची फीत एकेकदा दुसऱ्यांदा वाजत नाही.

तेव्हापासून मी मूळ नॅसवर ‘मी_मूळ_आहे’ नावाची रिकामी फाइल ठेवतो. स्क्रिप्टची पहिली ओळ ती फाइल शोधते, सापडली नाही तर तिथेच थांबते. शिवाय --मॅक्स-डिलीट=५० लावतो. पन्नासच्या पुढे पुसायची वेळ आली तर आरसिंक पुसणं थांबवतं आणि २५ हा एक्झिट कोड देतं. दिवसाला दहा-बारा फाइलींच्या कामात पन्नास पुसल्या जात असतील तर माणसाने येऊन बघायलाच हवं.

मात्राबाइट

लांब नावांचं सांगतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. बाइटची, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. ‘स्वातंत्र्य’ घ्या. डोळ्यांना अक्षरं तीन दिसतात. मोजा: स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य. अकरा चिन्हं, ३३ बाइट.

तुमचं प्रतीचं फोल्डर एन्क्रिप्टेड आहे ना? बऱ्याच नॅसमध्ये हे काम ईक्रिप्टएफएस करतं, ते एकेक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं. ते फाइलचं नावही गुंडाळतं आणि गुंडाळलेलं नाव मोठं होतं, म्हणून मूळ नावाला जेमतेम १४३ बाइट उरतात. देवनागरीची ४७ चिन्हं. ‘स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी’ एवढ्यातच सत्तावीस संपतात, पुढे व्यक्तीचं नाव आणि तारीख लिहायची म्हटली की झालं.

आधी अशा फाइली किती आहेत ते बघा. एलसी_ऑल=सी लावून फाइंड ही शोधायची कमांड चालवलीत तर तिचं रेजेक्स (नावाचा नमुना) अक्षरांऐवजी बाइट मोजतं, १४४ किंवा जास्त बाइटची नावं मागा. थोड्या असतील तर नावं आखूड करा आणि पूर्ण वर्णन शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. खूप असतील तर प्रतीच्या नॅसवर अख्खा व्हॉल्यूम एन्क्रिप्ट होतो का बघा. लक्स (अख्खा व्हॉल्यूम एकदम एन्क्रिप्ट करायची लिनक्सची पद्धत) वापरणाऱ्या व्हॉल्यूमला ही अडचण नाही, तिथे पूर्ण २५५ मिळतात.

ध्वनिसंग्रह

दोघांचे मनापासून आभार. --डिलीट लगेच काढलं. रात्रपाळी सर, तुमचं वाचून आधी जाऊन दोन्ही माउंट जागेवर आहेत का बघून आले.

काल -ए आणि --साइज-ओन्ली लावून, आधी -एनने कोरडं (काहीही न बदलता, नुसतं काय होईल ते बघायला) चालवून मग खरं चालवलं. चाळीस मिनिटांत संपलं. आज साध्या -एने फक्त नऊ फाइली गेल्या. लांब नावं ३१२ निघाली, ती मी हाताने बदलीन. मुलाखत देणाऱ्याचं नाव मात्र पूर्ण ठेवणार आहे, ‘मुलाखत’ आणि ‘ध्वनिमुद्रण’ हे शब्द काढले तरी भागतं.

एक शंका. कोणी चुकून एखादी फाइल बिघडवली आणि रात्री तीच बिघडलेली प्रतीवर गेली, तर?

रात्रपाळी

तर चांगली प्रत गेली. एकच आरसा ठेवला की हे होणारच, म्हणून तारखेची फोल्डरं ठेवा. --लिंक-डेस्टला कालचं फोल्डर द्या, आजचं फोल्डर नवीन बनवा. न बदललेल्या फाइलीची कॉपी होत नाही, कालच्याच फाइलीला हार्ड लिंक जोडली जाते, म्हणजे डिस्कवरच्या त्याच मजकुराला आणखी एक नाव मिळतं. प्रत्येक तारखेचं फोल्डर उघडलं तर संपूर्ण दिसतं, जागा मात्र फक्त नव्या आणि बदललेल्या फाइलींची लागते. नवं फोल्डर रिकामंच सुरू होतं, त्यामुळे --डिलीटची गरजच पडत नाही. नको असलेली जुनी तारीख अख्खी काढायची. मूळ माउंट नसलेल्या रात्री एक रिकामी तारीख तयार होईल, पण मागच्या तारखांना धक्का लागणार नाही. तरी ती पहिली ओळ काढू नका, कारण दुसऱ्या रात्री त्या रिकाम्या तारखेशी जुळवून सगळं नव्याने येईल.

एसएमबी माउंटवर हार्ड लिंकचा भरवसा नाही. म्हणून मधला पीसी सोडा आणि जुन्या नॅसवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवायच्या सोयीने) शिरून आरसिंक तिथूनच चालवा, त्याने मूळकडून खेचून घ्यावं. मूळवर त्याला फक्त वाचायची परवानगी द्या आणि मूळकडून प्रतीवर लिहायची वाट ठेवूच नका. मूळवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर त्याला प्रतीचा दरवाजा सापडता कामा नये.

खेचण्याचा आणखी एक फायदा आहे. महिन्यातून एकदा -एन आणि -सी लावून चालवा, म्हणजे प्रत्येक फाइलचा चेकसम (आतल्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवला जाईल. माउंटवरून हे केलं तर दोन्हीकडचे मिळून १२ टीबी त्या पीसीत ओढले जातात. एसएसएचने दोन्ही टोकं आपापल्या डिस्क वाचतात, तारेवरून फक्त आकडे जातात.

आणि या आठवड्यात एक फाइल परत आणून बघा. सगळ्यात जुन्या तारखेतली, लांब नावाची.

ध्वनिसंग्रह

खेचायला सुरुवात होऊन आज पाचवी तारीख पडली. पहिल्या तारखेतली एक मुलाखत दुसऱ्या लॅपटॉपवर काढून ऐकली, बावन्न मिनिटं, पूर्ण. एकोणिसाव्या मिनिटाला मागे कोणाचं तरी लहान मूल रडतं. ते कॅसेटवरही आहे.