सिटी हॉलच्या पायऱ्यांवर प्रार्थना म्हणायला बोलावलंय. जाऊ का?

विस्कॉन्सिनवाली (धागाकर्ती)

मंडळी, सल्ला हवाय आणि लवकर हवाय. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

विस्कॉन्सिनमधलं आमचं गाव जेमतेम नऊ हजार वस्तीचं. मी इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, येऊन बावीस वर्षं झाली. गावात देऊळ नाही. चाळीस मैलांवर एक आहे, त्यांच्या वेबसाइटवर संपर्कासाठी माझा नंबर दिलाय. तेवढ्या भांडवलावर मी गावाच्या लेखी हिंदू समाजाची प्रतिनिधी झाले आहे.

मागच्या आठवड्यात सिटी क्लार्कच्या ऑफिसातून फोन आला. मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी राष्ट्रीय प्रार्थना दिवस असतो. दुपारी बाराला सिटी हॉलच्या पायऱ्यांवर कार्यक्रम. आधी मेयर घोषणापत्र वाचणार, मग चार पास्टर, आणि ‘या वेळी सगळ्यांना सामावून घ्यायचंय’ म्हणून दोन मिनिटं मी. खोटं कशाला सांगू, फोन ठेवला तेव्हा छान वाटलं होतं. औषधांच्या खिडकीबाहेर गावानं मला पहिल्यांदाच कुठेतरी उभं राहायला सांगितलं होतं.

काय म्हणणार ते आधी लिहून मागितलं होतं. मी शांतिमंत्र, त्याचा इंग्रजी अर्थ आणि सरस्वतीच्या दोन ओळी पाठवल्या. कागद परत आला तो लाल खुणांसकट. सरस्वती उडालेली! समासात टीप: कृपया एकाच देवाला उद्देशून बोलावं, म्हणजे सर्वांना आपलंसं वाटेल. टीप लिहिणारी बाई स्वभावानं गोड आहे, वाईट हेतू नसणारच. म्हणून तर जास्त अवघड झालंय.

नवरा म्हणतो, दोन मिनिटांचा मामला आहे, जा. नाही गेलीस तर नाही गेलीस एवढंच लोकांच्या लक्षात राहील. मुलगा अकरावीत आहे, या वर्षी त्याला राज्यघटना शिकायला आहे, त्यामुळे घरात रोज सुनावणी असते. तो म्हणाला, “आई, उद्या कुणी तक्रार केली तर ते तुझ्याकडे बोट दाखवणार. तू त्यांची पावती आहेस.” पावती हा शब्द तो इंग्रजीत बोलला, पण मला मराठीतच लागला.

सरकारनं प्रार्थनेचा दिवस ठरवणं इथल्या कायद्यात बसतं तरी कसं? आणि माझ्या जागी तुम्ही असता तर गेला असता का?

मिनेसोटाकर

जा हो ताई. मी दोनदा गेलोय. समोर साठेक माणसं असतात, त्यातली निम्मी डबा खायला बाहेर आलेली. पण त्यानंतर दुकानात, बँकेत लोक नावानं हाक मारायला लागले. एवढ्याशा गावात ते सोपं नाही. धर्म आणि राज्य यांच्यातल्या भिंतीबिंतीचा विचार वकिलांनी करावा. सरस्वती मनात म्हणा, तिला ऐकू येतं.

कलमदान

वरच्या प्रतिसादाशी असहमत, पण आधी कायद्याचं सांगतो, कारण ते दिसतं त्याहून विचित्र आहे.

हा दिवस १९५२ च्या कायद्यानं आला. शीतयुद्धाचे दिवस होते, समोर ‘नास्तिक’ रशिया. त्या वर्षी फेब्रुवारीत ख्रिस्ती धर्मप्रचारक बिली ग्रॅहमनं कॅपिटॉलच्या (वॉशिंग्टनमधल्या संसदभवनाच्या) पायऱ्यांवरच्या सभेत अशा दिवसाची मागणी केली आणि एप्रिलमध्ये ट्रूमनची सही झालीसुद्धा. दोनच वर्षांनी ध्वजप्रतिज्ञेत ‘देवाच्या छत्राखाली’ हे शब्द घुसले, १९५६ मध्ये ‘देवावर आमचा विश्वास’ हे अधिकृत ब्रीद झालं. सगळा एकाच हंगामातला माल. सुरुवातीला तारीख अध्यक्षानं निवडायची होती, फक्त रविवार सोडून. मेचा पहिला गुरुवार १९८८ मध्ये रीगनच्या काळात पक्का झाला.

आता गंमत. या कायद्यावरचा मोठा खटला तुमच्याच राज्यातला. मॅडिसन शहरातल्या ‘फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन’ या धर्म आणि राज्य वेगळं ठेवायला झटणाऱ्या संस्थेनं तो लावला आणि एप्रिल २०१० मध्ये तिथल्याच फेडरल न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. त्यांचा मुद्दा साधा होता: प्रार्थना ही मुळातच धार्मिक कृती. सरकार जसं नागरिकांना रमजानचे रोजे धरा किंवा सिनेगॉगमध्ये जा असं सुचवू शकत नाही, तसंच प्रार्थना करा असंही सुचवू शकत नाही. वर्षभरात सातव्या सर्किटच्या, म्हणजे विस्कॉन्सिन ज्या विभागात येतं तिथल्या, अपील कोर्टानं तो निकाल फिरवला, पण कायदा बरोबर आहे असं म्हणून नव्हे. मुख्य न्यायाधीश ईस्टरब्रुक यांनी म्हटलं की कायदा फक्त अध्यक्षाला काम सांगतो, तुम्हाला काहीच करायला लावत नाही. अध्यक्षाची विनंती झिडकारायला तुम्ही मोकळे आहात. मन दुखावणं म्हणजे कायदेशीर इजा नव्हे, तेव्हा तुम्हाला दावा लावायचा अधिकारच नाही. म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर देण्याआधीच दार बंद. कोलोरॅडो राज्याच्या प्रार्थना दिवसाचा खटलाही २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात असाच आपटला.

आता तुमच्या लाल खुणा. इथे मात्र तुमच्या हातात काहीतरी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा टाउन ऑफ ग्रीसचा निकाल बघा. ग्रीस हे न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टरजवळचं गाव. तिथल्या नगरसभा प्रार्थनेनं सुरू व्हायच्या आणि प्रार्थना सांगणारे वर्षानुवर्षं ख्रिस्तीच असायचे. गाव पाच विरुद्ध चार मतांनी जिंकलं. पण न्यायमूर्ती केनेडींच्या त्याच निकालात असं आहे की सरकारनं एकदा प्रार्थनेला बोलावलं, की बोलणाऱ्याला त्याच्या देवाला किंवा देवांना सदसद्विवेकाप्रमाणे साद घालू दिली पाहिजे. सर्वसमावेशक काय ते अधिकाऱ्यानं ठरवायचं नाही. ‘देवांना’ असं अनेकवचन त्यात आहे! तो निकाल सभेतल्या प्रार्थनेबद्दलचा, तुमचा कार्यक्रम पायऱ्यांवरचा, हे खरं. तरी क्लार्कबाईंच्या टेबलावर ठेवायला पुरेसा आहे.

त्याआधी १९९२ मध्ये त्याच कोर्टात ली विरुद्ध वाइजमन हा खटला झाला. ऱ्होड आयलंडमधल्या शाळेच्या पदवीदान समारंभाला मुख्याध्यापकांनी एका रब्बींना बोलावलं आणि प्रार्थना कशी असावी याची पुस्तिकाही हातात दिली. कोर्ट म्हणालं, प्रार्थनेचा मसुदा सरकारनं आखून देणं हीच तर मूळ अडचण. तुमच्या समासातली टीप म्हणजे त्या पुस्तिकेची धाकटी बहीण.

एक इशारा. २०२२ च्या ब्रेमर्टन निकालापासून (फुटबॉल प्रशिक्षकाच्या मैदानावरच्या प्रार्थनेचा) कोर्ट ‘इतिहास आणि परंपरा’ बघतं. १९५२ चा कायदा त्या चाळणीतून अलगद उतरेल असं मला वाटतं.

खोडसाळ

ज्ञानाची देवता गाळून सद्बुद्धी मागायची. कार्यक्रम रंगणार.

विस्कॉन्सिनवाली (धागाकर्ती)

कलमदान, खूप आभार. ते अनेकवचन मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलगा दोन मिनिटं गप्प होता, हे आमच्याकडे क्वचित घडतं. मग म्हणाला, “बरं, सरस्वती परत आली. माझ्या वर्गातला तो मित्र देव मानत नाही, त्याच्यासाठी पायरीवर कोण उभं राहणार?” मला उत्तर सुचलं नाही. सरस्वती गाळली म्हणून मी चिडले होते. ती ठेवली असती तर खुशाल गेले असते, आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नसता. मिनेसोटाकर, तुमचं नावानं हाक मारण्याचं अगदी पटतं. मोह तोच आहे.

डॅनबरीशेजारीण

मी मराठी ख्रिस्ती, राहायला कनेटिकटमध्ये. दर रविवारी चर्चला जाते, प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच सांगते, नका जाऊ.

लोकांना वाटतं धर्म आणि राज्य यांच्यातली ती भिंत नास्तिकांनी मागितली. ती मागणारे आमच्या शेजारच्या डॅनबरीचे बाप्टिस्ट होते, येशूवर कडक श्रद्धा असलेले. तेव्हा कनेटिकटमध्ये काँग्रिगेशनल चर्च सरकारमान्य होतं, आणि ते १८१८ पर्यंत तसंच राहिलं. त्या चर्चसाठीच्या करातून सुटायचं तर बाप्टिस्टांना आपण बाप्टिस्ट आहोत असा दाखला द्यावा लागायचा. १८०१ मध्ये त्यांनी तेव्हाचा अध्यक्ष जेफरसनला लिहिलं की आम्हाला जे धर्मस्वातंत्र्य मिळतं ते मेहेरबानी म्हणून मिळतं, हक्क म्हणून नाही. ‘या वेळी सगळ्यांना सामावून घ्यायचंय’ हे वाचून मला तेच आठवलं. या वेळी!

त्यांना १ जानेवारी १८०२ ला जे उत्तर गेलं, त्यातली ती प्रसिद्ध भिंत. आणि लाल खुणांचा विषय निघालाच आहे, तर त्या पत्रालाही कात्री लागली होती बरं का. आपण उपासाचे-प्रार्थनेचे दिवस का जाहीर करत नाही, हे जेफरसननं मसुद्यात लिहिलं होतं. ॲटर्नी जनरल लेव्हाय लिंकन म्हणाले, न्यू इंग्लंडमधले (ईशान्येकडच्या राज्यांतले) लोक दुखावतील. त्यावर जेफरसननं तो भाग खोडला. १९९८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं एफबीआयच्या प्रयोगशाळेकडून त्या शाईखालच्या ओळी वाचून घेतल्या. पुढे १८०८ मध्ये सॅम्युएल मिलर नावाच्या पाद्र्याला त्यानं ते उघडच लिहिलं: प्रार्थना कधी आणि कशासाठी करायची हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक धर्मसमाजाचा आहे, आणि तो त्यांच्याच हातात सुरक्षित आहे.

माझी प्रार्थना मेयरच्या कार्यक्रमपत्रिकेत बसायला लागली की ती माझी कमी आणि मेयरची जास्त होते. तुमचीही होईल.

जुनी वही

अर्धाच इतिहास सांगू नका. वॉशिंग्टननं १७८९ मध्ये आभार आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला होता. ॲडम्सनं केला, अब्राहम लिंकननं ३० एप्रिल १८६३ ला तर उपास करायला सांगितला. खुद्द जेफरसन व्हर्जिनियाचा गव्हर्नर असताना, १७७९ मध्ये, असा दिवस जाहीर करून मोकळा झाला होता. आणि भिंत हा शब्द घटनेत नाहीच.

डॅनबरीशेजारीण

मान्य. पण अध्यक्ष जेम्स मॅडिसनही घ्या मग. १८१२ च्या युद्धात त्यानं असे दिवस जाहीर केले, आणि म्हातारपणी आपल्या टिपणांत तेच चुकीचं होतं असं लिहून ठेवलं. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनवर तर १८३२ ला कॉलऱ्याच्या साथीत उपासाचा दिवस जाहीर करायचा दबाव होता. त्यानं नाही म्हटलं. स्वतः श्रद्धाळू असून!

विस्कॉन्सिनवाली (धागाकर्ती)

सोमवार झाला. काय घडलं ते सांगते.

आधी मी अनेकवचनवाला परिच्छेद छापून क्लार्कबाईंकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला, लाल झाल्या आणि म्हणाल्या, अगं, मग राहू दे ना सरस्वती, मला माहीतच नव्हतं. पाच मिनिटांत जिंकले. आणि तेव्हाच कळलं की मला जायचं नाहीये. कारण परवानगी द्यायला त्यांना पाच मिनिटं लागली, तशी पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला काढून घ्यायलाही पाचच लागतील.

मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, रागावलीस का? मी म्हटलं नाही, आणि खरंच नव्हते. डॅनबरीच्या लोकांचं सांगायला गेले तर त्यांचा चेहरा असा झाला की मी मध्येच थांबले. मग त्यांनी अगदी कामाच्या आवाजात विचारलं, तुझ्याऐवजी दुसरं कुणी सुचवशील का? पत्रिका छापून झाल्यात. ‘हिंदू प्रार्थना’, १२ वाजून २० मिनिटं. नाव घातलेलं नाही, फक्त एवढंच.

गुरुवारी मला दुपारची ड्युटी आहे. ती वीस मिनिटांवरची जागा कोण भरतंय ते बघायला मुलगा त्या मित्राला घेऊन जाणार म्हणतोय.