इंग्रजी शिकवायला कोणता पासपोर्ट लागतो?

मंजिरी_द

परवा एक पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. तिचा आशय असा: ब्रिटिश कौन्सिल, अमेरिकेचं स्वयंसेवक पाठवणारं पीस कोअर आणि तिथलीच फुलब्राइट शिष्यवृत्ती, परदेशी इंग्रजी शिक्षक आणणारं जपानचं जेट आणि कोरियाचं एपिक हे सगळे एकाच माळेचे मणी. श्रीमंत इंग्रजी देश स्वतःच्या पैशाने जगावर आपली भाषा लादतात आणि बाकीचे माना डोलावतात. खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणून मोकळे.

पैसे कोण देतं हे कुणी पाहिलंच नाही. जेट १९८७ साली सुरू केलं ते जपान सरकारने. आजही एएलटींचे, म्हणजे वर्गात मदत करणाऱ्या परदेशी सहायक शिक्षकांचे, पगार तिथल्या नगरपालिका आणि प्रीफेक्चर (प्रांत) देतात. २०२५ पासून पहिल्या वर्षाला ४० लाख २० हजार येन. एपिक १९९५ पासून कोरियाच्या करदात्याच्या पैशावर चालतं. हाँगकाँगने माध्यमिक शाळांसाठी मूळ इंग्रजी भाषक शिक्षक आणायची नेट योजना आणली १९९८ मध्ये, म्हणजे ब्रिटिश गेल्याच्या पुढच्या वर्षी. त्याच वर्षी बहुतेक माध्यमिक शाळा चिनी माध्यमात नेल्या आणि इंग्रजी कच्चं राहू नये म्हणून हे शिक्षक आणले. हे लादणं नव्हे, स्वतः ठरवून केलेला खर्च आहे.

तो खर्च चुकीच्या जागी होतो, हा माझा खरा राग. जेटच्या एएलटीला कुठल्याही विषयाची पदवी पुरते, शिकवण्याचं प्रशिक्षण लागत नाही. माझा मुलगा इथे जपानमध्ये सरकारी प्राथमिक शाळेत आहे. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, आणि तो शिकवायची मुख्य जबाबदारी वर्गशिक्षिकेवर आली. तिने मला स्वतः सांगितलं की इंग्रजीच्या तासाच्या आदल्या रात्री तिला झोप लागत नाही. एएलटी मुलगा गोड आहे, मुलांना आवडतो, पण तो अनेक शाळांत फिरतो आणि आमच्याकडे अधूनमधून उगवतो. बाकीचे तास ती बाई एकटी ओढते. ते येन तिच्या प्रशिक्षणावर का खर्च होत नाहीत?

खडूस_मास्तर

ताई, चेक कोणी फाडला एवढ्यावर प्रश्न संपत नाही. जेटचा जन्म झाला तेव्हा जपान-अमेरिका व्यापारावरून किती ताण होता ते आठवा. 'आम्ही जगाला दार उघडतोय' हे अमेरिकेला दाखवणं त्या काळातल्या नाकासोने सरकारची गरज होती. दडपणाखाली घेतलेल्या निर्णयाला 'स्वतः ठरवून' म्हणायचं?

ब्रिटिश कौन्सिल १९३४ मध्ये निघाली ती युरोपात फॅसिस्ट प्रचार जोरात असताना, ब्रिटनचं वजन टिकवायला. भाषा शिकवणं हा त्या कामाचाच भाग होता. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा अ‍ॅक्सेस कार्यक्रम २००४ पासून १३ ते २० वयाच्या गरीब मुलांना मोफत इंग्रजी शिकवतो. परराष्ट्र खातं हे करतं, शिक्षण खातं नव्हे. एवढ्यातच सगळं आलं.

मंजिरी_द

मास्तर, साम्राज्य म्हणता त्या ब्रिटिश कौन्सिलची आजची अवस्था बघा. सरकारी अनुदान हा तिच्या उत्पन्नाचा लहान हिस्सा. ती जगते परीक्षा आणि वर्गांच्या फीवर. कोविडमध्ये सरकारकडून घेतलेलं सुमारे २० कोटी पौंडांचं कर्ज मानगुटीवर बसलंय. २०२१ मध्ये आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा भारतातला कारभार १३ कोटी पौंडांना आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीला विकावा लागला.

खडूस_मास्तर

आणि ती फी भरतं कोण? आपलीच मुलं. आयेल्ट्सचा निकाल दोन वर्षांनी शिळा होतो, पुन्हा पैसे भरा. अख्खं शिक्षण इंग्रजीत झालेल्या मुलीलाही पुन्हा सिद्ध करायला लावतात की तिला इंग्रजी येतं. माझ्या पुतणीने हे भोगलंय.

अदिसकर

तुम्ही दोघंही दिल्ली-टोकियो-लंडनच्या वरच्या मजल्यावरून बोलताय. वर्गातलं सांगतो.

माझे वडील सम्राट हैले सेलासींच्या काळात इथिओपियात शिक्षक होते. तेव्हा त्या सरकारने भारतातून मोठ्या संख्येने शिक्षक नेले होते. १९६२ मध्ये पीस कोअरची पहिली तुकडी तिथे आली आणि बाबांच्या शाळेतही अमेरिकन पोरं रुजू झाली. बाबा त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. स्थानिक शिक्षकाइतक्या भत्त्यात राहायची, विद्यार्थ्यांकडून अम्हारिक शिकायची, आजारी पडली तरी तास बुडवायची नाहीत. त्यांना साम्राज्याचे एजंट म्हणणं मला सहन होत नाही.

पण एक गोष्ट बाबा मरेपर्यंत विसरले नाहीत. ते इंग्रजीचे एम.ए. अमेरिकन पोरगा आला त्या सत्रात मुख्याध्यापकांनी वरच्या वर्गांचं इंग्रजी त्याला दिलं आणि बाबांना भूगोल. तो पोरगा रोज संध्याकाळी आमच्या घरी येऊन बाबांकडून व्याकरण कसं शिकवायचं ते समजून घ्यायचा.

टोकियो_लोकल

अदिसकर, तुमच्या वडिलांचा भूगोल आजही चालू आहे.

एपिकची यादी काढून बघा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. सात पासपोर्ट. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया सेपा या व्यापार करारामुळे भारतीयांना फट मिळाली, पण कशी? भारतीयाकडे इंग्रजीचा शिक्षक परवाना हवाच. त्या सातांपैकी कुणी असेल तर टेफल या इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचं प्रमाणपत्र चालतं. ज्याला जास्त शिकून यायला सांगितलं त्यालाच दुय्यम मानलं.

मी बी.एड. करून, वर्षानुवर्षं शिकवून इथे जपानला आले. जेटबाहेर नगरपालिकांना एएलटी पुरवणाऱ्या खासगी कंपन्या असतात. त्यातल्या एकीने मुलाखतीनंतर फोनवर सांगितलं, 'पालकांची अपेक्षा वेगळी असते.' माझ्या जागी गेला तो नुकता पदवीधर झालेला, आयुष्यात कधी वर्गासमोर उभा न राहिलेला. मंजिरीताई, तुमचा गोड एएलटी तसाच असणार.

श्री_उच्चार

कटू वाटेल, पण पालक म्हणून मला तरी मूळ इंग्रजी भाषकच हवा. व्याकरण जपानी शिक्षक शिकवतोच. बाहेरचा माणूस आणायचा तर कानावर अस्सल उच्चार पडावा म्हणूनच ना? त्यात कुणाचा अपमान नाही.

टोकियो_लोकल

अस्सल म्हणजे कुठला? ग्लासगोचा, टेक्सासचा की जोहान्सबर्गचा? त्या सात देशांत एक उच्चार नाही. जेटने तरी जमैका आणि फिलिपिन्सहून लोक घेतले, त्यांच्या वर्गातली मुलं मागे पडल्याचं दाखवा मला. तुम्हाला उच्चार नकोय, चेहरा हवाय. स्पष्टच बोलते.

श्री_उच्चार

हे वैयक्तिक होतंय. माझ्या मुलीबद्दल मी काय इच्छावं हे तुम्ही ठरवू नका.

टोकियो_लोकल

तुमच्या मुलीबद्दल एक शब्द बोलले नाही. माझ्या पोटावर आलेल्या निकषाबद्दल बोलतेय. वैयक्तिक तर ते आहेच.

मंजिरी_द

दोघांनी जरा दम घ्या. टोकियो_लोकल, एक सांगते: एएलटीकडे जपानी शिक्षक परवाना नसतो, म्हणून नियमाने तो सहायक. वर्गात जेटीई, म्हणजे इंग्रजीचा जपानी शिक्षक, हवाच. त्यामुळे अनेकांचं 'वाचून दाखव, मुलं म्हणतील' एवढंच काम उरतं. तुमच्यासारखी बाई तिथे टेप रेकॉर्डर होऊन बसली असती. परवाना असलेल्या परदेशी शिक्षकाला स्वतंत्र वर्ग मिळायला हवा, हे माझं म्हणणं.

खडूस_मास्तर

पासपोर्टच्या भांडणात मूळ मुद्दा वाहून गेला. देणारा देश कार्यक्रम चालवतो तेव्हा काय होतं ते चीनमध्ये दिसलं. पीस कोअर १९९३ पासून तिथे मुख्यतः इंग्रजीच शिकवत होतं. २०२० च्या जानेवारीत वॉशिंग्टनने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं, जुलैमध्ये चीन-हाँगकाँगचं फुलब्राइटही संपवलं. शिकणाऱ्या मुलांना कुणी विचारलं? राजकारण बदललं, शिक्षक गायब.

मंजिरी_द

हे मान्य करावं लागतंय. नाइलाजाने, कारण तुमच्या 'लादणं' या शब्दाशी मी अजूनही सहमत नाही. रवांडाचं बघा. २००८ मध्ये फ्रेंच सोडून इंग्रजी माध्यम करायचं तिथल्या सरकारने ठरवलं, तेही शिक्षकांनाच इंग्रजी धड येत नसताना. मग सुरुवातीच्या तीन इयत्ता किन्यारवांडा या तिथल्या भाषेत परत आणल्या, आणि २०१९ मध्ये पुन्हा पहिलीपासून इंग्रजी. बाहेरच्या संस्था प्रशिक्षणाला आल्या त्या नंतर. घोळ घातला तो घरच्यांनी.

खडूस_मास्तर

घरच्यांना इंग्रजीशिवाय तरणोपाय नाही असं वाटायला लावलं कोणी, तेवढं सांगा. बाकी रवांडाचा तपशील बरोबर आहे, तो नाकारत नाही.

अदिसकर

मास्तर, बाबांचे विद्यार्थी इंग्रजी शिकले म्हणून पुढे डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले. त्यांना असं वाटायला कुणी लावलं नव्हतं, त्यांनी हिशोब केला होता. मला तक्रार एकाच गोष्टीची आहे, आणि ती टोकियो_लोकलचीही आहे. परवाना असलेला आणि नसलेला अशा दोघांत निवड करताना परवाना बघा. नेट योजनेत हाँगकाँग पदवीबरोबर इंग्रजी अध्यापनाची पात्रताही मागतं, मग जपान-कोरियाला तेवढं मागायला काय अडचण आहे?

टोकियो_लोकल

अडचण एवढीच की तसं केलं तर अर्ज कमी येतील आणि पगार वाढवावे लागतील. कंपनीमार्फत स्वस्तात माणूस मिळत असताना नगरपालिका ते करणार नाही. म्हणून हा निकष वरून, मंत्रालयाकडूनच यायला हवा. श्री_उच्चार, पालक सभेत हे तुम्ही मांडलंत तर माझ्यापेक्षा जास्त ऐकलं जाईल.

श्री_उच्चार

परवान्याची अट घाला, मी सही करतो. उच्चाराचं मत बदललेलं नाही.