मशीन होमचं, पडद्यावर प्रो: उतरवायचं की चालू द्यायचं?

रामबागेची वहिनी

गेल्या रविवारी ऑफिसातल्या तीन डेस्कटॉपवरचं विंडोज प्रो (जादा सोयींची, महाग आवृत्ती) मी पुसून टाकलं आणि होम (साधी, स्वस्त आवृत्ती) बसवलं. नवरा म्हणाला, "लोक होमचं प्रो करतात, तुझी आपली उलटी गंगा." दोन ओळखीच्या सीएंनीही वेड्यात काढलं. म्हणून म्हटलं, इथेच मांडावं आणि काय बोलणी खायची ती एकदाच खावीत.

इंदुरात माझं जीएसटी आणि आयकराच्या रिटर्नचं छोटं काम आहे. तीन ब्रँडेड डेस्कटॉप एकदमच घेतले होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, होम तो बच्चों के लिए होता है, ऑफिस में प्रो डलवाओ." प्रत्येकी ५०० रुपये घेतले आणि बिलावर लिहिलं 'सॉफ्टवेअर लोडिंग'. मी सही केली आणि विसरले.

गेल्या महिन्यात एका मशीनवर पाटी आली, लायसन्सची मुदत संपत आली आहे म्हणून. विकत घेतलेल्या विंडोजला कसली मुदत? काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, एक्सपीआर असं टाइप केलं, तर चक्क एक तारीख आली. तिथेच एक्सपीआरच्या जागी डीएलआय टाकलं, तर 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' असं दिसलं.

केएमएस ही लायसन्स मंजूर करायची पद्धत, मोठ्या संस्थांसाठी असते. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो, तो आपल्या मशीनांना १८० दिवसांची मंजुरी देतो आणि मशीनं अधूनमधून त्याच्याकडे हजेरी लावून ती वाढवून घेतात. शिवाय किमान २५ मशीनं मोजली गेल्याशिवाय तो सर्व्हर एकालाही मंजुरी देत नाही. माझ्या ऑफिसात खुर्च्या चार, त्यातली एक पाहुण्यांची. मग आमची हजेरी लागत होती कुठे?

मशीनच्या पोटातच. दुकानातल्या पोराने खोटा सर्व्हर बसवला होता, आणि अँटिव्हायरसने ओरडू नये म्हणून डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) वगळण्याच्या यादीत त्याचा फोल्डर घालून ठेवला होता. याच मशीनवर माझ्या अशिलांचे पॅन, बँक खाती, पोर्टलचे पासवर्ड. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरी गंमत पुढे आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीच्या मशीनवर कीचा, म्हणजे लायसन्सच्या क्रमांकाचा, स्टिकर लागत नाही. की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (आतल्या कायमच्या चिपमध्ये) लिहिलेली असते. पॉवरशेल नावाच्या आज्ञांच्या खिडकीत एका ओळीत ती वाचता येते आणि कोणत्या आवृत्तीची आहे तेही कळतं. माझ्या तिन्ही मशीनांवर निघालं 'कोअर सिंगल लँग्वेज', म्हणजे होम सिंगल लँग्वेज. मशीनच्या किमतीतच पैसे भरलेलं लायसन्स पहिल्या दिवसापासून आत पडून होतं, आणि मी वर ५०० देऊन चोरीचं चालवत होते.

होमचं प्रो करायला नुसती की बदलली तरी पुरतं. उलटं, प्रोचं होम करताना प्रोग्राम जागेवर ठेवून उतरण्याचा अधिकृत रस्ता नाही, नव्यानेच बसवावं लागतं. म्हणून २० तारखेचं जीएसटीचं ३बी रिटर्न भरून झाल्यावरचा रविवार धरला. टॅलीचा (हिशेबाच्या प्रोग्रामचा) डेटा दोन ठिकाणी उतरवला, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर आधी शोधून ठेवले, पेनड्राइव्ह केला. इन्स्टॉलरने आवृत्ती विचारलीच नाही. फर्मवेअरमधली की वाचून त्याने आपणहून सिंगल लँग्वेज घातलं, आणि इंटरनेट लावताच सक्रियही झालं.

माझं म्हणणं एवढंच, की लायसन्स ज्याचं आहे तेच मशीनवर चालावं. प्रो हवं असेल तर प्रोचे पैसे भरा. नसेल भरायचे तर होममध्ये काही कमीपणा नाही.

दोन प्लेट पोहे

वहिनी, चालत्या गाडीला खीळ म्हणतात ती हीच. पाटी आली होती तर त्याच पोराला बोलवायचं, दहा मिनिटांत गेली असती. अख्ख्या इंदुरात ऑफिसं अशीच चालतात, कोणाचं काय बिघडलंय? आणि एवढंच मनाला लागलं असेल तर ऑनलाइन ४००-५०० रुपयांत प्रोची की मिळते. मी स्वतः घातली आहे, हिरवी टिक आहे, विषय संपला.

रामबागेची वहिनी

भाऊ, तो पोरगाच तर माझी अडचण आहे! आणि ४०० च्या कीचं म्हणाल, तर तुमचं डीएलआय टाकून बघा. चॅनेलपुढे 'व्हॉल्यूम एमएके' आलं, तर ती कुठल्यातरी कंपनीची किंवा कॉलेजची सामायिक की आहे, शंभर जणांना विकलेली. टिक दिसते याचा अर्थ अजून कोणी रद्द केलेली नाही, इतकाच.

पुण्यात अडकलेला इंदूरकर

मला हे सगळंच अतिरेकी वाटतं, आणि त्याला कारण आहे.

इंदुरात लोकमान्य नगरात बाबांचं हिशेबाचं ऑफिस आहे, मशीन एक, विंडोज प्रो. मी पुण्यात नोकरी करतो आणि रात्री रिमोट डेस्कटॉपने त्यांच्या मशीनवर जाऊन बॅकअप, अपडेट, टॅलीच्या अडचणी सोडवणं वगैरे करतो. होमवर ही सोय नाही. होमवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, पण होम असलेल्या मशीनवर बाहेरून येता येत नाही. बाबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांना फोनवर "उजव्या कोपऱ्यात क्लिक करा" सांगण्यात माझी एक अख्खी दिवाळी गेली आहे.

दुसरं, वहिनी, तुमच्या हिशेबात मला एक घोळ दिसतो. तुम्ही आधीच प्रोवर होतात. प्रोची अस्सल की घेऊन घातली असती, तर पाच मिनिटांत आवृत्ती आणि लायसन्स जुळलं असतं. फॉरमॅट नाही, टॅली हलवायची नाही, टोकनचे ड्रायव्हर शोधायचे नाहीत. लायसन्सला आवृत्ती जुळवा किंवा आवृत्तीला लायसन्स, मेळ दोन्हीकडून बसतोच. तुम्ही त्यातला जास्त त्रासाचा रस्ता धरलात आणि आता तोच तत्त्व म्हणून सांगताय.

रामबागेची वहिनी

घोळ नाही. तीन कीचे प्रत्येकी काही हजार जातात, आणि ज्या गोष्टींसाठी ते द्यायचे त्यातली एकही मी वापरत नाही. रिमोटने माझ्याकडे कोणी येत नाही, डोमेन, ग्रुप पॉलिसी या मोठ्या ऑफिसांच्या सोयी उघडायचं मला कामच पडलं नाही. तुमच्या बाबांना गरज आहे, त्यांनी घ्यावं की.

आणि नुसती की बदलली असती तर तो खोटा सर्व्हर आणि डिफेंडरमधला तो फोल्डर तसेच राहिले असते. लायसन्स खरं आणि खाली घर पोखरलेलं. मला ते पुसायचंच होतं.

काळा कोट, पांढरे केस

नुसता कायदा सांगतो, सल्ला समजू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. संगणक प्रणालीची बेकायदा प्रत *जाणूनबुजून* वापरणाऱ्याला किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षे कैद, आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. घरी मुलाचा प्रोजेक्ट आणि ऑफिसात अशिलाचं रिटर्न, यात फरक पडतो तो इथे.

'जाणूनबुजून' हा शब्द नीट वाचा.

दोन प्लेट पोहे

म्हणजे वकीलसाहेब, वहिनींनी ती काळी खिडकी उघडलीच नसती तर त्या निर्दोष होत्या? पाहिलं म्हणून अडकल्या! मी नाही बघणार जा. 😄

काळा कोट, पांढरे केस

तुमचं हे वाक्य आता लेखी आहे, एवढं लक्षात असू द्या.

पेनड्राइव्ह खिशात

फॉरमॅटची गरज नव्हती. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या नोंदवहीत) एडिशन आयडी बदला, प्रोफेशनलच्या जागी कोअर सिंगल लँग्वेज लिहा आणि चालू विंडोजमधूनच सेटअप चालवा. त्याला वाटतं की आधीपासून होमच आहे, फाइली आणि प्रोग्राम ठेवून वरून बसतं. मी डझनभर मशीनं अशी उतरवली आहेत.

सोल्डरवाली मावशी

आणि त्यातली किती परत आली तेही सांग ना बेटा.

दुरुस्तीचं काम करते म्हणून सांगते, ही युक्ती चालते, पण तिला मायक्रोसॉफ्टची मान्यता नाही. बसली तर बसली, नाहीतर प्रोचे अर्धे अवशेष होममध्ये राहतात आणि सहा महिन्यांनी एखादं अपडेट अडतं. तेव्हा गिऱ्हाईक कोणाला धरतं? मला. दुसऱ्याच्या धंद्याच्या मशीनवर रजिस्ट्रीशी खेळू नये.

करणार असाल त्यांच्यासाठी एक सांगून ठेवते. प्रोवर बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर हात लावण्याआधी तो उघडून ठेवा, नाहीतर निदान ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. माझ्याकडे एक बाई रडत आल्या होत्या, मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्या कुलपाच्या आत. मी काही करू शकले नाही.

तिरंगी शेव

ते सिंगल लँग्वेज म्हणजे फक्त इंग्रजी ना? मराठी टायपिंग बंद होणार? मग मी तरी प्रो सोडणार नाही. मंडळाची सगळी पत्रं माझ्याच मशीनवर होतात.

सोल्डरवाली मावशी

नाही हो काका. एकच भाषा असते ती मेन्यू आणि पाट्यांची. कीबोर्ड हवे तेवढे घाला, मराठीही चालतं. मी हे सिंगल लँग्वेजवरूनच लिहितेय.

निवृत्त बँकवाला

सगळे मिळून एका कंपनीच्या दाराशी का भांडताय? लिनक्स घाला. आठ वर्षं वापरतोय, लायसन्सचा प्रश्नच नाही.

रामबागेची वहिनी

काका, घरच्या लॅपटॉपवर आनंदाने. ऑफिसात टॅली आणि सहीचं टोकन आहे, तिथे नका ना.

पुण्यात अडकलेला इंदूरकर

मूळ मुद्द्यावर येतो. वहिनी, तुम्ही ज्यांना हे सांगताय त्यातल्या निम्म्यांना बॅकअप म्हणजे काय हे माहीत नाही. तुमचा धागा वाचून एखादा उद्या १९ तारखेला फॉरमॅट मारेल आणि वर्षाचा टॅली डेटा घालवून बसेल. चुकीच्या लायसन्सने आजवर त्याचं जेवढं नुकसान झालं नव्हतं, तेवढं एका दुपारीत होईल. मला सावधपणा हवा आहे, आणि तुम्ही शुद्धीकरणाचा यज्ञ मांडलाय.

सोल्डरवाली मावशी

हा मुद्दा मात्र खरा आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत लायसन्समुळे बुडालेले कमी, घाईने पुसलेले जास्त.

रामबागेची वहिनी

मान्य. तारीख आणि बॅकअपचं मी वर लिहिलंय, पण ठळक लिहायला हवं होतं.

इंदूरकर, एक विचारू? तुम्ही बाबांच्या मशीनची की कधी वाचली आहे का? चालू असलेली नाही, आतली.

पुण्यात अडकलेला इंदूरकर

नाही. असेलच होम, सगळ्यांची असते. आज रात्री बघतो, म्हणजे हा वाद तरी संपेल.

पुण्यात अडकलेला इंदूरकर

पाहिलं. आधी डीएलआय: 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट'. हे अपेक्षितच होतं, खोटं कशाला बोलू. मग पॉवरशेलमधली ती ओळ.

'प्रोफेशनल, ओईएम डीएम', म्हणजे मशीनसोबतच आलेलं प्रो.

म्हणजे बाबांनी मशीन घेतलं तेव्हाच त्यात प्रोचं लायसन्स होतं. मध्ये कधीतरी हार्डडिस्क बदलायला दिलं होतं, तेव्हा कोणीतरी आतली की न बघता वरून चोरीचं प्रोच घातलं. एवढी वर्षं आम्ही स्वतःच्याच घरात मागच्या खिडकीतून शिरत होतो.

सेटिंगमध्ये जाऊन प्रॉडक्ट की बदला केलं, आतली की घातली. दोन मिनिटंही लागली नाहीत. एक्सपीआर टाकलं, आता तारीख येत नाही, 'कायमचं सक्रिय' येतं. फॉरमॅट नाही, टॅली जागेवर, रिमोट डेस्कटॉप जागेवर. माझं म्हणणं मी मागे घेत नाही. उलट हाच माझा मुद्दा होता, पुसल्याशिवायही जुळतं.

रामबागेची वहिनी

छान झालं, मनापासून. आता तेवढी डिफेंडरची वगळण्याची यादी उघडून बघा.

पुण्यात अडकलेला इंदूरकर

दोन फोल्डर आहेत. एकाचं नाव ओळखीचं, दुसरा कशाचा ते कळत नाही.

शनिवारच्या गाडीचं तिकीट बघतोय. मावशी, रविवारी दुकान उघडं असतं का?

सोल्डरवाली मावशी

अकरानंतर. टॅलीचा डेटा आणि टोकन घेऊन या. आणि तोवर बाबांना सांगा, त्या मशीनवर बँकेचं काही उघडू नका.