गीझर पाच वर्षांनी बदलायचाच असतो, हे कोणी ठरवले?

पर्वतीपायथा:
आमच्या सोसायटीच्या समूहावर एका सदस्यांनी लिहिले की गीझर पाच वर्षांनी बदलायचाच असतो आणि त्याच्या दुरुस्तीवर खर्च करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. बऱ्याच जणांनी त्याला लगेच दुजोरा दिला. मला हे अजिबात पटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

साठवणीच्या गीझरमध्ये बिघडण्यासारखे भाग मोजकेच असतात: पाणी तापवणारे एलिमेंट, तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट, पाणी अती तापल्यास वीज तोडणारा कटआउट, गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकीला गंजापासून वाचवणारा अ‍ॅनोड रॉड. हे सगळे बदलता येतात. बदलता येत नाही ती फक्त आतली टाकी, कारण पोलादी टाकीला आतून काचेचा लेप असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो टिकत नाही. पण गीझरखाली पाणी दिसले की टाकीच फुटली, असे का धरून चालायचे? माझ्या आईकडे कंपनीतून आलेल्या माणसाने झाकणाला हातही न लावता टाकी गेल्याचे सांगितले आणि नव्या गीझरचा भाव काढून दिला. नंतर आमच्या ओळखीच्या वायरमनने खालचे झाकण उतरवले, तेव्हा एलिमेंटच्या तळाशी असलेले रबरी गॅस्केट कडक होऊन चिरलेले सापडले. पाणी तेथूनच झिरपत होते. एलिमेंटवर क्षाराचा जाड पांढरा थर होता आणि अ‍ॅनोड रॉडची नुसती तार उरली होती. गॅस्केट आणि रॉड बदलले, क्षार काढला, आणि तोच गीझर आजही व्यवस्थित चालू आहे. गीझर टाकून द्या असे सांगणाऱ्याने आधी तो उघडून दाखवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुरुस्तीवाला:
मी हाच व्यवसाय करतो, त्यामुळे आमची बाजूही ऐकावी. गीझर उघडायचा तर वीज आणि पाणी बंद करून टाकी रिकामी करावी लागते, गंजलेले नट सोडवावे लागतात, आणि एवढे करून बिघाड किरकोळ निघाला की ग्राहक म्हणतो, "नुसते बघायचे कसले पैसे?" अ‍ॅनोड रॉड दर वर्षी तपासून घ्या, असे मी प्रत्येक घरी सांगतो. मॅग्नेशियमचा तो रॉड टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजतो. तो संपला की गंज टाकीला धरतो. तरीही पाणी गरम होते आहे तोवर मला कोणी बोलावत नाही. आणि जुन्या टाकीत नवे एलिमेंट बसवल्यावर महिनाभरात टाकी गळू लागली, तर दोष माझ्याच माथी येतो.

नीलिमा_बावधन:
पर्वतीपायथा, आपल्या लिखाणात सुरक्षिततेचा उल्लेखसुद्धा नाही, याचा मला राग आला. एलिमेंटची नळी चिरली की वीज थेट पाण्यात उतरते. माझ्या भावाला नळाला हात लावताच झटका बसला होता. त्या इमारतीचे अर्थिंग केवळ नावापुरते होते. त्या दिवसापासून जुन्या गीझरवर माझा विश्वास उरलेला नाही. नवा घेतला की निदान मन शांत राहते.

पर्वतीपायथा:
भावाच्या बाबतीत झाले ते गंभीरच आहे. पण अर्थिंग नसेल तर नवा कोरा गीझरही तितकाच धोकादायक. आधी अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअर वीज गळू लागताच ती तोडणारा आरसीसीबी हा स्विच बसवा.

उंड्रीकर:
आपण सगळे वरवरचे बोलत आहात. मुळात गीझर मरतो तो पाण्याने. आमचे उंड्री गाव २०१७ साली पुणे महापालिकेत आले, तरी आमची इमारत बोअर आणि टँकरवरच चालते. जड पाणी तापले की त्यातले विरघळलेले बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन एलिमेंटला चिकटते आणि ६० अंशांच्या पुढे हा थर झपाट्याने वाढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या जडपणाची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्याकडे बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते, यावरून काय ते समजा. गच्चीवरच्या सौरयंत्रणेच्या नळ्याही क्षाराने भरल्या. सौर यंत्रणेवर मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते खरी, पण पाणीच गरम होत नसेल तर ती सवलत घेऊन काय करायचे?

सदाशिवपेठी:
प्रश्न गीझरच्या दुरुस्तीचा होता, महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचा नव्हे. आमच्याकडे तांब्याच्या टाकीचा जुना गीझर आहे. एकदा सांध्यातून गळला, तो डाग देऊन घेतला, आणि अजून चालतो. वस्तू नीट वापरली की टिकते.

उंड्रीकर:
ज्यांच्या नळाला खडकवासल्याचे पाणी येते, त्यांनी नीट वापरण्याचे धडे आम्हाला देऊ नयेत. तोच गीझर वर्षभर आमच्याकडे लावून पाहा आणि मग बोला. आम्ही टँकरचे पैसे भरतो, मिळकतकर भरतो, आणि वर गीझर बिघडला की हलगर्जीपणाचा ठपकाही आमच्यावरच!

सदाशिवपेठी:
ठपका मी ठेवला नव्हता. आपल्याकडे गीझर लवकर जातो, एवढे मान्य करतो. पण मग सोसायटीने जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर का बसवला नाही? प्रत्येक घरात दर काही वर्षांनी नवा गीझर येतो, त्याच्या एकत्रित खर्चाचा हिशेब सभेत कोणी मांडला आहे का?

दुरुस्तीवाला:
सॉफ्टनरबद्दल एक सांगतो. त्याने क्षार थांबतो, पण मऊ केलेल्या पाण्यात अ‍ॅनोड रॉड लवकर झिजतो, म्हणून तो तपासायचा राहिला तर टाकी तरीही जाणारच. सॉफ्टनर नसेल तर थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात, ते पाणी प्रसरण पावल्यामुळे, आणि ती गळती नव्हे; केवळ त्यासाठी मला किती तरी घरी बोलावले गेले आहे. मात्र गीझर बंद असतानाही थेंब थांबत नसतील तर व्हॉल्व्ह बदला. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना हे अधिक जाणवते, कारण दर १० मीटर उंचीमागे पाण्याचा दाब जवळपास १ बारने वाढतो.

नीलिमा_बावधन:
ही माहिती आम्हाला गीझर बसवतानाच का दिली जात नाही? बसवायला आलेल्या मुलाने वॉरंटी कार्डावर शिक्का मारला आणि तो निघून गेला. अ‍ॅनोड रॉड हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकते आहे. तरीही टाकीच गळत असेल तर मी एक रुपयाही दुरुस्तीवर घालणार नाही.

पर्वतीपायथा:
टाकी गळत असेल तर घालूच नका. ते मी पहिल्याच उत्तरात लिहिले आहे. माझा वाद न तपासता टाकी गेली म्हणणाऱ्यांशी आहे. आणि दुरुस्तीवाले, तपासणीचे पैसे मागण्यात काहीच गैर नाही, हे मला मान्य करावे लागेल. पण ते घरी येऊन नव्हे, फोनवर आधी सांगा.

दुरुस्तीवाला:
सांगेन. काढलेला जुना भागही तुमच्या हातात देऊन जाईन. पण भाग पाहिल्यावर "एवढ्याशा रबराचे इतके पैसे?" असे कोणी म्हणू नये, कारण पैसे रबराचे नसून नट सोडवण्याचे आणि टाकी रिकामी करण्याचे असतात.

उंड्रीकर:
आणि त्या रिकाम्या टाकीत पुन्हा टँकरचेच पाणी भरायचे आहे, त्याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही.