चरबी नुसती पडून नसते

वर एकांनी लिहिलंय की चरबी म्हणजे नुसता साठा, पोट सुटलेलं नसेल तर हृदयाची काळजी नको. हे मला अजिबात पटत नाही. मटणाच्या दुकानात बकऱ्याचं दिल कधी हातात घेऊन बघा, पिवळट-पांढऱ्या चरबीचा पट्टा बरोबर खाचेतून जातो आणि ती चरबी नखाने सारली की खाली हृदयाला रक्त देणारी नळी दिसते. मधे पडदाबिडदा काही नाही, म्हणजे चरबीतून जे पाझरतं ते थेट नळीच्या भिंतीत. ही चरबी निरोगी असते तेव्हा नळी सैल ठेवणारी द्रव्यं सोडते, १९९१ मध्येच उंदरांच्या महाधमनीवर दिसलं होतं की भोवतीची चरबी काढली तर तीच नळी जास्त आवळते. पण लठ्ठपणा, डायबेटिसमध्ये ती सुजते आणि मग सगळं उलटं सुरू होतं.

अजून एक, नळीला सूज असली की तिच्याभोवतीच्या चरबीच्या पेशी नीट तयार होत नाहीत, त्यांच्यात तेल कमी आणि पाणी जास्त राहतं, आणि हा फरक सीटी स्कॅनवर ओळखता येतो हे ऑक्सफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये दाखवलं. आमचे मामा इथे सोलापुरात आयुष्यभर यंत्रमागावर उभे, अंगाने काडी, पँटला पट्ट्याचं शेवटचं भोक, तरी दोन नळ्यांत ब्लॉकेज निघाले. बारीक आहेत म्हणून त्यांची शुगर तोवर कुणी तपासलीच नव्हती.