मेलिंग लिस्टवर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणं योग्य आहे का?

खटपट्या
आमची ३००-एक जणांची मेलिंग लिस्ट आहे, देखभाल माझ्याकडे. महिन्यापूर्वी कुरबूर सुरू झाली, की एका ताईंच्या मेलला आलेली उत्तरं दिसतात, पण त्यांचा मूळ मेल कुठेच दिसत नाही. स्पॅममध्येही नाही. बाउन्स, म्हणजे परत आलेले मेल, उघडले तर सगळीकडे ५५० चा (मेल घेत नाही या कोडचा) नकार आणि कारण एकच, डीमार्क, म्हणजे फ्रॉममधलं (पाठवणाऱ्याच्या रकान्यातलं) डोमेन खरं आहे का याची तपासणी.

भानगड अशी. ताईंच्या डोमेनने 'पी=रिजेक्ट' जाहीर केलंय, म्हणजे आमच्या नावाचा पण तपासणीत न बसणारा मेल दारातूनच परत धाडा. लिस्टचा सर्व्हर मेल पुढे पाठवतो तेव्हा एसपीएफ (मेल कोणत्या सर्व्हरवरून आला याची तपासणी) पास होतं ते आमच्या डोमेनचं, आणि फ्रॉममध्ये असतं त्यांचं. जुळणार कसं? उरली डीकेआयएमची सही, म्हणजे मजकूर बदलला नाही याची पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल खूण. ती आपणच मोडतो. विषयाआधी चौकटी कंसात लिस्टचं नाव चिकटवतो, तळाला 'सदस्यत्व रद्द करण्यासाठी' ही शेपटी लावतो. सही झाल्यावर एक ओळ वाढली की सही बाद.

माझं मत, फ्रॉममध्ये सरळ लिस्टचा पत्ता टाकावा, 'अमुक, लिस्टमार्फत' असा. लिस्ट चालवणाऱ्या मेलमन या प्रोग्रॅममध्ये २.१.१६ आवृत्तीपासून ही सोय आहे. विरोध असेल तर बोला.

तिरकस
विरोध आहे. मी लिहिलेल्या पत्रावर दुसऱ्याचा पत्ता का? आणि हे नुसतं तत्त्वाचं नाही. मी ज्या गटात होतो तिथे हेच केलं. माझ्या मेल प्रोग्रॅमने लिस्टचा पत्ता एका मित्राच्या नावाखाली जपून ठेवला. पुढच्या आठवड्यात त्याच्या नावाची तीन अक्षरं टाइप केली, आलेला पत्ता न बघता एंटर मारलं. घरगुती भांडणाचा मेल अख्ख्या गटाने वाचला.

खटपट्या
अरेरे! पण रिप्लाय-टूमध्ये, म्हणजे उत्तर जिथे जातं त्या रकान्यात, मूळ पत्ता राहतोच की.

तिरकस
रिप्लायला राहतो. मी नवीन मेल लिहीत होतो. शिवाय एखाद्या त्रासदायक माणसाला ब्लॉक करायला जावं, तर सगळी लिस्टच ब्लॉक.

जुना_टपाली
मुळात चूक कोणाची? डीमार्क आलं ते बँकांच्या नावाने येणारे खोटे मेल अडवायला. एप्रिल २०१४ मध्ये याहूने सर्वसामान्य खातेदारांच्या डोमेनला 'पी=रिजेक्ट' लावलं, त्याच महिन्यात एओएलने. त्यात जगभरच्या लिस्ट कोलमडल्या. त्याआधी कित्येक वर्षं लिस्ट सुरळीत चालत होत्या. घर त्यांनी मोडायचं आणि डागडुजी आपण करायची? मी तर अशा डोमेनवाल्यांना सांगतो, दुसऱ्या पत्त्यावरून या.

शेवटचा_बाक
टपालीकाका, तुमच्या बाणेदारपणाची किंमत माझ्यासारख्यांनी मोजली. मी लिस्टवर कधीच लिहीत नाही, फक्त वाचते. कुणीतरी 'रिजेक्ट'वाला रोज लिहायचा, त्याचे मेल माझा सर्व्हर परत पाठवायचा आणि मेलमन ते बाउन्स *माझ्या* खात्यावर मांडायचा. दिवसाला एक गुण, पाच झाले की डिलिव्हरी बंद. चूक ना त्याची ना माझी, बाहेर मी. दोन महिने वाटलं गट थंडावलाय.

जुना_टपाली
हे मात्र खरं. बाउन्सची मर्यादा वाढवायला हवी होती.

तिरकस
मग मधला मार्ग घ्या. शेपटी काढा, विषयातलं नाव काढा, मजकुराला हातच लावू नका. सही शाबूत, फ्रॉमही शाबूत. सदस्यत्व रद्द करायची लिंक हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या दडलेल्या तांत्रिक ओळींत, असतेच.

खटपट्या
हेडर वाचतं कोण? शेपटी गेली की कंटाळलेला माणूस स्पॅमचं बटण दाबणार. मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून तक्रारींची हद्द ०.३ टक्के ठेवलीय. दिवसाला ५००० मेलवाले आपण नव्हे, पण हिशोब बघा: ३०० जणांत एकाने दाबलं तरी ०.३३.

शेवटचा_बाक
आर्कचं, म्हणजे मधल्या सर्व्हरने तपासणीचा निकाल पुढे कळवण्याच्या पद्धतीचं काय? २०१९ पासून आहे ना ते?

खटपट्या
आहे. लिस्ट आपल्यापुरती साक्ष देते, की माझ्याकडे आला तेव्हा मेल खरा होता. पण समोरच्याने साक्षीदारावर विश्वास ठेवायला हवा. आमच्यासारख्या चिमुकल्या सर्व्हरची साक्ष कोण धरतो?

तरी तिरकस म्हणतात तसं काल करून पाहिलं. शेपटी बंद, विषय जसाच्या तसा. मूळ मेल उघडून तपासणीची ओळ बघितली: साधा मजकूर, डीकेआयएम पास. दुसऱ्या मेलला फोटो जोडला, लिस्टने तो काढून टाकला, पुन्हा फेल. म्हणून आता फ्रॉम बदलतोय, पण फक्त 'रिजेक्ट' आणि 'क्वारंटाइन'वाल्या (संशयित मेल स्पॅममध्ये टाका म्हणणाऱ्या) डोमेनपुरता. बाकीच्यांचा पत्ता तसाच.

तिरकस
म्हणजे ताईंच्या नावाखाली लिस्टचा पत्ता जपला जाणारच. निदान त्यांना आधी कळवा.

खटपट्या
कळवलं. मेल लिस्टवरून नाही, थेट पाठवला.